टाय कॉब, नॅप लॅजवे आणि दोन जास्तीच्या हिट्स: बेसबॉल-रेफरन्स वापरून पाहताना

शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन फलंदाज टाय कॉब. त्याने कारकिर्दीत हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं म्हणजे हिट) किती मारल्या? मेजर लीग बेसबॉलच्या अधिकृत संकेतस्थळावर उत्तर आहे ४,१९१. बेसबॉलच्या आकड्यांचं संकेतस्थळ असलेल्या बेसबॉल-रेफरन्सवर ४,१८९. सरासरी तिथे .३६७, इथे .३६६. जो माणूस १९२८ साली खेळ सोडून गेला, त्याचे आकडे आज दोन ठिकाणी दोन दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही कुणाची तरी चूक वाटते आणि संकेतस्थळावरचा विश्वासच उडतो. खरं तर ही सेवा वापरण्याजोगी का आहे, याचं उत्तर त्या दोन हिट्समध्येच आहे. त्याकडे शेवटी येऊ. आधी सेवा कशी आहे, आणि कॉब व लॅजवे या दोन जुन्या खेळाडूंची तुलना तिच्यावर नीट कशी करायची, ते पाहू.

बेसबॉल-रेफरन्स २००० साली शॉन फोरमन यांनी सुरू केलं. आज ते फिलाडेल्फियाच्या स्पोर्ट्स रेफरन्स या कंपनीतर्फे चालतं. खेळाडू, संघ, हंगाम, लीग या सगळ्यांची पानं फुकट आहेत, बदल्यात जाहिराती सोसायच्या. स्टॅटहेड नावाचा शोध घेण्याचा भाग वेगळा आहे आणि त्याला डॉलरमध्ये वर्गणी लागते. त्यासाठी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू असावा लागतो, आणि दर महिन्याची आपोआप कपात भारतीय कार्डांवर अनेकदा अडते. पण दोन खेळाडूंच्या तुलनेसाठी वर्गणीची गरज अजिबात नाही. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं फुकटच्या पानांवर होतं.

नागपुरात बेसबॉलला क्रिकेटसारखी गर्दी नाही. पण शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुलंमुली आहेत, त्यांचं स्कोअरबुक भरणारे आहेत, आणि क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणारे तर प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार सापडतात. या तिघांनाही ही सेवा उपयोगी आहे. मे महिन्यात शिबिरं सकाळ-संध्याकाळच होतात, मधली पूर्ण दुपार घरात जाते. हे काम त्या दुपारचं आहे.

क्रिकेटकडून येणाऱ्याने 'सरासरी' हा शब्द आधी नव्याने शिकावा. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये हिट्स भागिले ॲट-बॅट. म्हणजे ती धावांची सरासरी नाहीच, हजार संधींत किती वेळा हिट मिळाली त्याचं प्रमाण आहे. .३६६ म्हणजे हजारात तीनशे सहासष्ट वेळा. बिंदूच्या आधी शून्य लिहीत नाहीत. आणि ॲट-बॅट म्हणजे फलंदाज प्लेटवर (फलंदाजीच्या जागेवर) आला ती प्रत्येक वेळ नव्हे. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट बेस) मिळाला, चेंडू अंगाला लागला, सॅक्रिफाइस बंट (चेंडू हलकेच टेकवून, स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणं) झाला, तर ॲट-बॅट धरत नाहीत. आपल्याकडच्या सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मुलगी चार वेळा प्लेटवर आली; एक वॉक, एक सॅक्रिफाइस बंट, एक हिट, एक बाद. स्कोअरर एक भागिले चार करून .२५० लिहितो. बरोबर आकडा एक भागिले दोन, म्हणजे .५००. हे हातात बसलं नसेल तर बेसबॉल-रेफरन्स उघडण्यात अर्थ नाही, कारण तिथे प्लेटवर येण्याचा आणि ॲट-बॅटचा स्तंभ वेगवेगळा असतो आणि दोन्ही शेजारी-शेजारी बसलेले असतात.

आता पानं उघडायची. शोधाच्या चौकटीत इंग्रजी स्पेलिंगच टाकावं लागतं, मराठी चालत नाही. कॉबचं सोपं आहे. लॅजवेचं मात्र उच्चारावरून सापडणार नाही. आडनाव फ्रेंच वळणाचं आहे, अक्षरं एल-ए-जे-ओ-आय-ई. पान उघडलं की वर पदार्पण, जन्म, हाताची पद्धत. त्याखाली मुख्य तक्ता, 'स्टँडर्ड बॅटिंग'. एक ओळ म्हणजे एक हंगाम. ठळक आकडा म्हणजे त्या वर्षी त्या लीगमध्ये पहिला. नुसते ठळक आकडे पाहत पान खाली सरकवलं तरी खेळाडूचा अंदाज येतो. कॉबच्या पानावर १९०७ पासून पुढची पंधरा वर्षं काळी शाई इतकी आहे की पातळ अक्षर शोधावं लागतं.

कारकिर्दीची बेरीज अशी. कॉब: २४ हंगाम, ३,०३४ सामने, ११,४४० ॲट-बॅट, ४,१८९ हिट्स, ११७ होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण), ८९७ चोरलेले बेस (फटक्याविना पळून मिळवलेले), १,२४९ वॉक, सरासरी .३६६. लॅजवे: २१ हंगाम, २,४८० सामने, ९,५८९ ॲट-बॅट, ३,२४३ हिट्स, ८२ होम रन, ३८० चोरलेले बेस, ५१६ वॉक, सरासरी .३३८. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .४३३ आणि .३८०. स्लगिंग (हिट्समधून मिळालेले एकूण बेस भागिले ॲट-बॅट) .५१२ आणि .४६६.

इथे थांबलं तर निकाल एका मिनिटात लागतो, कॉब पुढे. निकाल चूक नाही. पण त्यातली किती तफावत खेळाडूंची आणि किती काळाची, हे या बेरजेतून कळत नाही. त्या काळातल्या बेसबॉलमध्ये नियम, चेंडू आणि नोंदवही, तिन्ही दर काही वर्षांनी बदलत होते.

सगळ्यात मोठं उदाहरण लॅजवेच्या १९०१ चं. त्या वर्षी त्याची सरासरी .४२६, होम रन १४, आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा) १२५. तिन्हींत लीगमध्ये पहिला, म्हणजे ट्रिपल क्राउन. जुन्या पुस्तकांत हीच सरासरी .४२२ छापलेली सापडेल. जुनी स्कोअरकार्डं पुन्हा तपासून नवीन आकडा आला. कॉबचा ट्रिपल क्राउन १९०९ चा: .३७७, ९ होम रन, १०७ आरबीआय. त्या नऊपैकी एकही होम रन कुंपणाबाहेर गेलेला नाही, सगळे मैदानातच मारून चारही बेस पळून काढलेले. .४२६ आणि .३७७ शेजारी ठेवले तर ४९ गुणांचा फरक. लॅजवे प्रचंड पुढे वाटतो.

आता लीगची सरासरी बघा. त्यासाठी हंगामाच्या ओळीतल्या लीगच्या नावावर टिचकी मारायची, त्या वर्षाच्या लीगचं पान उघडतं. अमेरिकन लीगची (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) सरासरी १९०१ मध्ये .२७७ होती, १९०९ मध्ये .२४४. खेळाडूच्या आकड्याला लीगच्या आकड्याने भागा. लॅजवे: १.५३८. कॉब: १.५४५. ४९ गुणांचा फरक गेला, उलट कॉब केसभर पुढे निघाला. हा भागाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो, आणि जुन्या काळाची तुलना करताना पहिली पायरी हीच असायला हवी.

दोन वर्षांत लीगची सरासरी इतकी वेगळी का? मुख्य कारण फाउल-स्ट्राइकचा नियम. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. पूर्वी झेल न घेतलेला फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) स्ट्राइक धरत नसत. हुशार फलंदाज नको असलेले चेंडू बाजूला टोलवत राहायचा आणि पिचर (चेंडू टाकणारा) दमायचा. नॅशनल लीगने १९०१ पासून पहिले दोन फाउल स्ट्राइक धरायला सुरुवात केली. अमेरिकन लीगने मात्र १९०३ पर्यंत वाट पाहिली. लीगची सरासरी १९०२ मध्ये .२७५ होती, १९०३ मध्ये .२५५ वर आली. लॅजवेचं १९०१ जुन्या नियमाखालचं आहे. शिवाय अमेरिकन लीगचं मेजर लीग म्हणून ते पहिलंच वर्ष होतं. कॉबने ऑगस्ट १९०५ मध्ये पदार्पण केलं. तो एकही दिवस जुन्या नियमाखाली खेळला नाही.

यावरून लॅजवेला सवलतीचा फलंदाज ठरवायला लोक फार लवकर तयार होतात. ते बरोबर नाही. १९०४ बघा. नवा नियम लागू झालेला, लीगची सरासरी .२४४, आणि लॅजवे .३७६. भागाकार १.५४१. म्हणजे नियम होता तेव्हा आणि नियम बदलल्यावर, दोन्ही वेळा हा माणूस लीगपेक्षा तेवढाच वर. आमच्या मते लॅजवेच्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ १९०४ ची आहे, १९०१ ची नाही.

हा भागाकार दर वेळी हाताने करायचा नसेल तर ओपीएस प्लस नावाचा स्तंभ आहे. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण भागिले लीगचं प्रमाण, अधिक स्लगिंग भागिले लीगचं स्लगिंग, वजा एक, गुणिले शंभर. वर मैदानाच्या स्वभावानुसार दुरुस्ती. १०० म्हणजे त्या काळचा साधारण फलंदाज. कॉब १६८, लॅजवे १५०. १९०१ च्या लॅजवेचा आणि १९०९ च्या कॉबचा हा आकडा दोन्ही १९० च्या पलीकडे आहेत. म्हणजे शिखर दोघांचं जवळपास एकाच उंचीचं. फरक शिखरावर किती वर्षं राहिला याचा आहे. कॉब १९०६ ते १९२८ सलग २३ हंगाम .३०० च्या वर राहिला. लॅजवे १९०८ मध्ये .२८९ वर घसरला. १९०५ ते १९०९ या काळात क्लीव्हलँडचं मॅनेजरपदही त्याच्याच खांद्यावर होतं.

चेंडूचा मुद्दा थोडक्यात. बुचाचा गाभा असलेला चेंडू १९१० च्या अखेरीस आला आणि १९११ च्या हंगामात पूर्ण वापरला गेला. अमेरिकन लीगची सरासरी एका वर्षात.२४३ वरून .२७३ वर गेली. कॉबच्या २४८ हिट्स १९११ च्या आहेत, तेव्हा त्यालाही भागाकार लावा. पुढे १९२० मध्ये थुंकी लावून चेंडू टाकण्यावर बंदी आली आणि फलंदाजांचे दिवस सुरू झाले. कॉबची शेवटची नऊ वर्षं त्या काळातली. लॅजवेच्या वाट्याला त्यातलं एकही वर्ष आलं नाही, त्याची कारकीर्द १९१६ ला संपली.

आता या सेवेचा कच्चा भाग. जुन्या काळाच्या पानांवर काही स्तंभ अर्धवट आहेत, आणि अर्धवट स्तंभाची बेरीजही पूर्ण स्तंभाच्या बेरजेसारखीच, त्याच टाइपात, तळाशी छापलेली असते. सगळ्यात जास्त फसवणारा स्तंभ 'कॉट स्टीलिंग', म्हणजे बेस चोरताना बाद होण्याचा. कॉबच्या तळाशी ८९७ चोरलेले बेस आणि २१२ वेळा बाद. हौशी माणूस लगेच ८९७ भागिले १,१०९ करतो आणि यशाचं प्रमाण ८१ टक्के सांगतो. ते खोटं आहे. चोरलेले बेस सगळ्या हंगामांचे आहेत, बाद होण्याची नोंद फक्त काही हंगामांची. बाद होण्याची नोंद अमेरिकन लीग १९२० पासून नियमित ठेवू लागली. त्याआधीच्या रकान्यांत बरीच वर्षं रिकामी आहेत. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. खरं प्रमाण काढायचं असेल तर ज्या हंगामांत दोन्ही रकाने भरलेले आहेत तेवढेच घ्या. लॅजवेच्या बाबतीत तेही जमणार नाही, त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द नोंदीआधीची. त्यामुळे या दोघांची चोरीच्या यशाची तुलना या पानांवरून करूच नये.

चोरलेल्या बेसच्या संख्येतही एक मेख आहे. १८९८ च्या आधी दुसऱ्याच्या हिटवर एक बेस जास्त पळालात तरी 'चोरी' मिळायची. लॅजवेचं पदार्पण ऑगस्ट १८९६ चं, म्हणजे त्याचे पहिले दोन हंगाम त्या मोजणीचे. ३८० मध्ये ते मिसळलेले आहेत. आकडा लहान आहे, पण मोजणी वेगळी आहे हे लक्षात असावं.

फलंदाजाच्या स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकने बाद होण्याची) अधिकृत नोंद अमेरिकन लीगने १९१३ पासून ठेवली. त्याआधीचे आकडे कुठे दिसले तर ते नंतरच्या संशोधनाने भरलेले असतात, म्हणून ही बेरीज वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी दिसते. आरबीआय १९२० साली अधिकृत झाला; आधीचे सगळे वर्तमानपत्रांतल्या स्कोअरकार्डांवरून मोजलेले. सॅक्रिफाइस फ्लायचा (झेल जाऊनही धाव मिळवून देणाऱ्या उंच फटक्याचा) आजचा नियम १९५४ चा, तेव्हा तो रकाना दोघांच्याही उपयोगाचा नाही. तळाशी '१६२ सामन्यांची सरासरी' अशी एक ओळ असते. त्या काळी हंगाम १३२ ते १५४ सामन्यांचा होता, म्हणजे ती ओळ प्रत्यक्षात कधीच न झालेल्या हंगामाची आहे. आजच्या खेळाडूशी तोलायला ठीक, या दोघांत तोलायला निरुपयोगी.

रिकामा रकाना निदान दिसतो तरी. काही गोष्टी पानावर दिसतच नाहीत. लॅजवेच्या १९०२ च्या ओळीत सामने फक्त ८७. दुखापत वाटेल. कारण होतं कोर्ट. तो फिलाडेल्फियाचा फिलीज संघ सोडून त्याच शहरातल्या ॲथलेटिक्सकडे गेला होता. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०२ मध्ये त्याला तिथे खेळायला मनाई केली, म्हणून त्याला क्लीव्हलँडला पाठवलं गेलं. क्लीव्हलँडचा संघ फिलाडेल्फियात खेळायला गेला की लॅजवे बाहेर बसायचा. पुढे १९०३ ते १९१४ त्या संघाचं नावच त्याच्यावरून 'नॅप्स' पडलं.

नागपूरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या सी. के. नायुडूंचे कसोटी आकडे उघडून बघा: ७ कसोटी, ३५० धावा, सरासरी २५. एवढंच वाचणारा पुढच्या पानावर जाईल. भारताला पहिली कसोटी मिळाली जून १९३२ मध्ये, तेव्हा नायुडू छत्तिशी पार करून गेले होते. त्यांचं खरं वजन प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत, ११,८२५ धावांत आणि २६ शतकांत आहे. कसोटीच्या रकान्यात त्यांची उमेदीची वर्षं नाहीत, कारण तेव्हा तो रकानाच नव्हता. कॉब-लॅजवे वाचताना हीच नजर ठेवायची: आकडा खरा आहे, पण तो मोजायला सुरुवात कधी झाली?

क्षेत्ररक्षणाबाबत पटकन सांगून पुढे जाऊ. लॅजवे दोन हजारांहून जास्त सामने सेकंड बेसवर खेळला, कॉब मुख्यतः सेंटर फील्डला. संकेतस्थळाचा 'वॉर' हा आकडा (साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले) फलंदाजी, धाव आणि क्षेत्ररक्षण एकत्र करतो: कॉब सुमारे १५१, लॅजवे १०६-१०७ च्या आसपास. त्या काळचा प्रत्येक चेंडूचा तपशील नाही, म्हणून यातला क्षेत्ररक्षणाचा भाग अंदाजाने बसवलेला आहे. चार-पाच अंकांच्या फरकावर वाद घालू नये. चाळीसचा फरक मात्र अंदाजाने पुसला जात नाही.

वापरण्याच्या दृष्टीने बघता, फोनवर तक्ता फार रुंद पडतो. तिसेक स्तंभ आहेत. फोन आडवा धरला तरी बोटाने सरकवावं लागतं आणि सरकवताना कोणता स्तंभ कुठला ते सुटतं. डोक्यावरच्या संक्षेपांवर बोट ठेवलं की अर्थ दिसतो, शिवाय प्रत्येक तक्त्यावर 'ग्लॉसरी' आहे. सगळं इंग्रजीत. लॅपटॉप असेल तर तोच घ्या. सीताबर्डीवर प्रिंट काढणार असाल तर पान आडवं निवडा आणि शेवटचा पुरस्कारांचा स्तंभ आधी काढून टाका, नाहीतर एका तक्त्याची दोन पानं होतात आणि दुसऱ्यावर नुसती अक्षरं उरतात.

सगळ्यात चांगली सोय तक्त्यावरच्या 'शेअर अँड एक्स्पोर्ट' मध्ये आहे. तिथून सीएसव्ही निवडलं की तक्ता साध्या मजकुरात येतो. तो कॉपी करून स्प्रेडशीटमध्ये चिकटवायचा, स्वल्पविरामावर स्तंभ पाडायचे, शेवटी लीगच्या सरासरीचा एक स्तंभ स्वतः भरायचा आणि भागाकाराचं सूत्र खाली ओढायचं. दोन खेळाडूंचे ४५ हंगाम, लीगचे आकडे हाताने भरायला तास-दीड तास.

आणि इथेच एक चूक ठरलेली आहे. लॅजवेच्या हिट्सचा स्तंभ वरून खाली बेरीज करा. ३,२४३ यायला हव्यात, येतात ३,३७६. जास्तीच्या १३३ कुठून आल्या? १९०२. त्या वर्षी तो दोन संघांकडून खेळला, ॲथलेटिक्सकडून एकच सामना आणि मग क्लीव्हलँडकडून ८६. तक्त्यात त्या वर्षाच्या तीन ओळी असतात: एक दोन्ही संघांची एकत्र, आणि खाली प्रत्येक संघाची वेगळी. एकत्र ओळीत १३३ हिट्स. वेगळ्या ओळींत १ आणि १३२, म्हणजे पुन्हा १३३. स्प्रेडशीटने दोन्ही धरल्या. एकत्र ओळीच्या संघाच्या रकान्यात 'टू-टीएम' असं लिहिलेलं असतं; बेरीज करण्याआधी ती ठेवा आणि खालच्या दोन पुसा. कॉबच्या पानावर ही अडचण येत नाही, कारण त्याने डेट्रॉइट सोडलं ते दोन हंगामांच्या मध्ये.

एकच गोष्ट दोनदा मोजली जाणं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन लीगच्या कचेरीत हेच झालं होतं, आणि कॉबच्या त्या दोन हिट्स तिथूनच आल्या.

१९१० साली फलंदाजीत पहिला येणाऱ्याला चामर्स कंपनीची मोटार मिळणार होती. शर्यतीत हे दोघेच. शेवटी कॉब आपली सरासरी सांभाळत दोन सामने बाहेर बसला. ९ ऑक्टोबरला लॅजवे सेंट लुइसमध्ये एकाच दिवशी दोन सामने खेळला आणि त्याने आठ हिट्स घेतल्या, त्यातल्या बहुतेक बंट. सेंट लुइसच्या ब्राउन्स संघाचा नवखा थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक) रेड कॉरिडन इतका मागे उभा होता की बंट पडला की हिट. त्याला मागे उभं राहायला संघातूनच सांगितलं होतं. मॅनेजर जॅक ओकॉनर आणि कोच हॅरी हॉवेल दोघांची हकालपट्टी झाली. हॉवेल तर लॅजवेच्या आणखी एका बंटची नोंद हिट करून घ्यायला स्कोअररच्या मागे लागला होता. स्कोअररने ऐकलं नाही. स्कोअरबुक भरणाऱ्या प्रत्येकाने त्या स्कोअररला लक्षात ठेवावं.

लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉबला विजयी ठरवलं. कॉब ५०९ ॲट-बॅटमध्ये १९६ हिट्स, .३८५०७. लॅजवे ५९१ मध्ये २२७, .३८४०९. फरक हजारात एक. कंपनीने दोघांनाही मोटार दिली आणि प्रकरण मिटलं. पुढे सत्तर वर्षांनी संशोधक पीट पामर यांना लीगच्या वहीत डेट्रॉइटचा एक सामना दोनदा चढवलेला सापडला. त्या सामन्यात कॉबच्या तीन ॲट-बॅटमध्ये दोन हिट्स होत्या. वजाबाकी स्वतः करा: १९६ वजा २ म्हणजे १९४, ५०९ वजा ३ म्हणजे ५०६. भागाकार .३८३४. लॅजवे .३८४१. विजेता बदलतो.

१९८१ मध्ये हे छापून आलं. तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी अधिकृत नोंद बदलायला नकार दिला, म्हणून मेजर लीगच्या वहीत कॉब अजूनही १९१० चा विजेता आणि ४,१९१ हिट्सचा धनी आहे. बेसबॉल-रेफरन्सने दुरुस्त आकडे घेतले. तिथे इतर दुरुस्त्याही धरून १९१० च्या ओळीत लॅजवे .३८३, ठळक, कॉब.३८२, पातळ. कॉबची फलंदाजीतली अजिंक्यपदं अधिकृत नोंदीत १२, इथे ११. आमच्या मते बेसबॉल-रेफरन्स बरोबर आहे. अधिकृत वहीत चूक आहे हे कळल्यावर ती चूक पुढे चालवणं हे नोंदवहीचं काम नाही.

हीच तयारी या संकेतस्थळाने आणखी एका मोठ्या बाबतीत दाखवली. वंशभेदामुळे वेगळ्या ठेवलेल्या निग्रो लीग्जचे आकडे त्यांनी २०२१ मध्ये मेजर लीगच्या बरोबरीने मांडले. मेजर लीगने अधिकृत यादीत ते मे २०२४ मध्ये घेतले. त्या दिवसापासून अधिकृत यादीत कारकिर्दीच्या सरासरीत पहिला जोश गिब्सन, .३७२. कॉब दुसरा.

ज्यांना स्वतः खोलात जायचं आहे त्यांनी शॉन लाहमन यांचा फुकट डेटाबेस उतरवून घ्यावा. त्यात खेळाडू, फलंदाजी, संघ अशा वेगवेगळ्या फाइल्स असतात, आणि प्रत्येक खेळाडूचा संकेत आडनावाची पहिली पाच अक्षरं, नावाची दोन आणि पुढे ०१ असा बनतो. नावाची पुनरावृत्ती झाली की ०२. त्यातही १९०२ च्या लॅजवेच्या दोन ओळी आहेत, पण एकत्र ओळ नाही. म्हणजे तिथे सरळ बेरीज चालते. दोन्हीकडचे तक्ते एकाच शीटमध्ये मिसळले की गोंधळ होतो तो इथेच.

आणि त्या दोन हिट्सचा हिशेब अजून एका माणसाला लागतो. पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत आपली ४,१९२ वी हिट मारली, कॉबचा विक्रम मोडला म्हणून सामना थांबला. पण कॉबच्या खऱ्या हिट्स ४,१८९ धरल्या, तर तो विक्रम तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला शिकागोच्या रिग्ली फील्डवर रोझने ४,१९० वी मारली तेव्हाच मोडला होता.